उघडता येतं ते आपलं

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. चार वर्षांपूर्वी घेतलेलं वॉशिंग मशीन बंद पडलं, आणि मी एक बंद पडलेला रेकॉर्ड प्लेयर विकत घेऊन आलो.

बायको म्हणाली, "घरातल्या चालू वस्तू बंद पडतायत आणि तू बंद पडलेल्या पैसे देऊन आणतोयस."

मुद्दा बिनतोड होता. पण आज परिस्थिती अशी आहे की १९८१ सालचा तो रेकॉर्ड प्लेयर शेजारच्या खोलीत वाजतोय आणि ते चार वर्षांचं वॉशिंग मशीन भंगारवाल्याकडे गेलंय, बाराशे रुपयांत. असं का झालं, हे सांगण्यासाठी ही पोस्ट. लांब आहे. थोडा इतिहास आहे, थोडी वीज आहे, थोडं गाणं आहे आणि शेवटी तुमच्या-माझ्या खिशाचा प्रश्न आहे. चहा घेऊन बसा.

आधी वॉशिंग मशीन. कंपनीचा माणूस आला, मागचं झाकण काढलं, पाच मिनिटांत निदान झालं. "सर, बोर्ड गेलाय." म्हटलं, बोर्डावरचं नेमकं काय गेलंय? "ते आम्हाला नाही सांगता येत. बोर्ड रिपेअर होत नाही, पूर्ण बदलायचा." किंमत? साडेनऊ हजार. "आणि या मॉडेलचा येईलच असं नाही. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घेऊन टाका." मी विचारलं, तुमच्याकडे याचं सर्किट असेल ना? तो पोरगा हसला. "सर, आम्हालाच देत नाहीत." त्याचा काही दोष नाही. त्याच्या हातात एक स्क्रूड्रायव्हर आणि एक किंमतपत्रक दिलेलं आहे.

आता रेकॉर्ड प्लेयर. ओळखीतून कळलं की कर्वेनगरात एका काकूंना घर रिकामं करायचंय, त्यांच्याकडे 'जपानी तबकडी' आहे. गेलो. टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं धूड. चादर काढली तर टेक्निक्स एसएल-१२०० एमके२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबलांच्या दुनियेतलं हे सर्वांत प्रसिद्ध नाव. ॲल्युमिनियमचं अंग, काठावर ठिपक्यांच्या रांगा असलेली जड थाळी, उजव्या हाताला वेगाची सरकती दांडी.

काकूंचे यजमान मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. १९८१ साली कोबे बंदरात उतरले असताना त्यांनी हे घेतलं. त्या काळात आपल्याकडे आयात परवाने आणि जकातीचा असा काच होता की अशी वस्तू सरळ दुकानात मिळणं अवघडच. कुणाचा भाऊ आखातात, कुणाचा काका जहाजावर, अशाच वाटेने ती घरात यायची.

"ह्यांचा जीव होता त्याच्यावर," काकू म्हणाल्या. "ह्यांच्यामागे नातवाने हौसेने लावलं आणि धूर निघाला. तेव्हापासून असंच पडून आहे. तू नेतोस तर ने, पण भंगारात घालू नकोस."

धूर का निघाला ते लगेच समजलं. जपानमध्ये घरात येणारी वीज १०० व्होल्टची. काका मध्ये एक व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावायचे. नातवाला ते माहीत नव्हतं, त्याने पिन सरळ भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातली.

पंधरा हजारांना सौदा झाला. निघताना काकूंनी एक पिवळं पडलेलं पाकीट हातात ठेवलं. "यात त्याचे कागद आहेत. ह्यांनी सांगून ठेवलं होतं, यंत्र दिलं तर कागदही द्यायचे." पाकिटात सर्व्हिस मॅन्युअल होतं. मजकूर सगळा जपानी, मला एक अक्षर वाचता येत नाही. पण मधल्या घडीच्या पानावर पूर्ण सर्किट छापलेलं. रेझिस्टरची खूण ओसाकात तीच आणि पुण्यात तीच. कुठल्या बिंदूवर किती व्होल्ट यायला हवेत ते आकड्यांत, आणि पुढे प्रत्येक सुट्या भागाचा क्रमांक.

सगळा फरक त्या पाकिटात होता, हे मला नंतर कळलं.

मी इंजिनिअर नाही. बँकेतून निवृत्त झालोय, हौस म्हणून सोल्डरिंग करतो. त्यामुळे हात घालण्याआधी हे यंत्र असं का बनवलं गेलं ते वाचून काढलं. आणि वाचता वाचता लहानपणीचं एक कोडं सुटलं.

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी एक जुना रेकॉर्ड चेंजर होता, साध्या इंडक्शन मोटरचा. माझी आत्या पेटी वाजवायची. नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावून त्याच्यासोबत पेटी धरायची. दुपारी सूर बऱ्यापैकी जुळायचा. संध्याकाळी तीच रेकॉर्ड, तीच पेटी, पण सूर जुळायचा नाही. आत्या म्हणायची, "रेकॉर्ड उतरलीय." बाबा म्हणायचे, "तुझेच कान फार तिखट आहेत." यावर घरात कित्येक वर्षं वाद चालला.

आत्याचं बरोबर होतं. रेकॉर्ड खरंच उतरायची.

आपल्या भिंतीत येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे ५० हर्ट्झ. साध्या मोटरचा वेग या हेलकाव्यांवर ठरतो. मागणी वाढली आणि तेवढी वीज नसली की वीजकेंद्रातली जनित्रंच मंदावतात आणि ५० चे ४९ होतात, त्याहूनही खाली जातात. टंचाईच्या त्या वर्षांत संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की ग्रिड ४८.५ पर्यंतसुद्धा उतरायची. म्हणजे तीन टक्के घट. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी तबकडी साधारण ३२⅓ फेऱ्या घेणार. वीस मिनिटांची बाजू अर्ध्या मिनिटाहून अधिक लांबणार. आणि सूर? पेटीवर लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण सहा टक्क्यांचं अंतर असतं. तीन टक्के म्हणजे बरोबर अर्धी पट्टी. पेटीला अर्धी पट्टी नसते. जुळणार कसं?

याहून गंमत पुढे आहे. व्होल्टेज गल्लीगणिक बदलतं, पण वारंवारता एका ग्रिडवर सगळीकडे एकच असते. म्हणजे आमच्या घरी ज्या क्षणी सूर उतरत होता, त्याच क्षणी तो नागपुरात, अहमदाबादेत आणि भोपाळमध्येही तेवढाच उतरत होता. सगळा पश्चिम भारत एका सुरात बेसूर!

त्या काळी वेग तपासायला एक कागदी चकती मिळायची, काठावर काळ्या-पांढऱ्या रेघांची. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ती फिरवायची. ३३⅓ च्या वेगाला १८० रेघा. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. बाबा ती चकती लावून आत्याला दाखवायचे, "बघ, रेघा जवळजवळ स्थिर आहेत!" पण ज्या विजेवर मोटर, त्याच विजेवर दिवा. ग्रिड मंदावली की दोघंही सारखेच मंदावणार. चोर आणि पहारेकरी एकाच घरचे असल्यावर चोरी सापडणार कशी?

पुढे हे सुधारलं ते धोरणामुळे. जुलै २००२ मध्ये पश्चिम भारताच्या ग्रिडवर नवी दरपद्धत लागू झाली. ग्रिड मंदावलेली असताना ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढली की राज्याला जबर भाव मोजावा लागू लागला. राज्यं आपोआप शिस्तीत आली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी जोडली गेली. आज नियमाने वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये ठेवायची असते. आत्या हे बघायला नाही, पण तिची तक्रार अखेर देशाने निकालात काढली म्हणायची.

आता जपान. तिथे तर एकाच देशात दोन वारंवारता आहेत. १८९० च्या दशकात टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीची जनित्रं घेतली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकेची घेतली, ती ६० हर्ट्झची. ते कधी एक झालंच नाही. आजही फुजी नदीच्या आसपास देशाची विभागणी आहे, पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. २०११ च्या भूकंपानंतर पूर्व जपानमध्ये विजेची भीषण टंचाई झाली. पश्चिमेची वीज मदतीला फार आणता आली नाही, कारण वारंवारता बदलणाऱ्या केंद्रांची एकूण क्षमता तेव्हा जेमतेम १,००० मेगावॉट होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोन खरेद्या अशा भोवतात.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना ती रोजच भोवायची. टोकियोत ३३⅓ ने फिरणारा साध्या मोटरचा प्लेयर ओसाकात नेला तर ४० ने फिरणार. बदली झाली की मोटरची पुली बदला.

शिवाय मोटरचा फिरता जोर थाळीपर्यंत न्यायचा कसा, हाही प्रश्न होता. एक पद्धत रबरी चाकाची. जोर चांगला, पण मोटरची थरथर सुईपर्यंत जायची. दुसरी पट्ट्याची. थरथर कमी, पण पट्टा ताणला जातो, सैल होतो, सुरुवात सावकाश होते.

ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या गटाने मधला मध्यस्थच काढून टाकला. चाक नको, पट्टा नको, थाळी सरळ मोटरच्या आसावरच बसवायची आणि मोटरच इतकी सावकाश फिरवायची की मिनिटाला ३३⅓ फेऱ्या व्हाव्यात. ही मोटर डीसी विजेवर चालते, त्यामुळे भिंतीतल्या ५०-६० शी तिचा संबंध उरत नाही. १९७० साली या तत्त्वावर टेक्निक्सचं एसपी-१० आलं, जगातलं पहिलं डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल. रेडिओ केंद्रांनी ते उचललं. १९७२ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एसएल-१२०० आलं.

माझ्याकडे आलेल्या १९७९ च्या एमके२ मध्ये तर थाळी हीच मोटरचा अर्धा भाग आहे. थाळीच्या पोटाला गोल चुंबक, खाली तांब्याची वेटोळी. आतला क्वार्ट्झचा स्फटिक क्षणोक्षणी वेग तपासतो आणि दुरुस्त करतो. ठिपक्यांवर पडणारा दिवासुद्धा त्याच स्फटिकाच्या तालावर लुकलुकतो, म्हणजे पहारेकरी आता ग्रिडचा मिंधा नाही. बटण दाबल्यापासून ०.७ सेकंदात पूर्ण वेग. वेगातली हेलकाव-थरथर ०.०२५ टक्के.

इथपर्यंत ही इंजिनिअरांची गोष्ट. पण या यंत्राचं नाव इतिहासात गेलं ते इंजिनिअरांच्या स्वप्नातही नसलेल्या कारणाने.

न्यू यॉर्कमधला ब्रॉन्क्स. मधोमध महामार्ग नेऊन वस्त्या उद्ध्वस्त केलेला, जळक्या इमारतींचा, कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन गरिबांचा भाग. ११ ऑगस्ट १९७३ ला १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये एका मुलीने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली. गाणी लावायला तिचा भाऊ, जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणायचे. त्याच्या लक्षात आलेलं होतं की गाण्यात जिथे फक्त ताल उरतो, तिथेच लोक जीव तोडून नाचतात. पण तो तुकडा काही सेकंदांचाच. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा, तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांचा ताल हवा तितका लांबवला. हिपहॉप इथून सुरू झालं असं मानतात.

हे पट्ट्याच्या प्लेयरवर करून बघा. तबकडी हाताने धरली की पट्टा घसरतो, सोडली की वेग यायला वेळ लागतो. डायरेक्ट ड्राइव्हवर हात ठेवा, मागे न्या, सोडा, ते लगेच धावतं. काही वर्षांत थिओडोर नावाच्या शाळकरी पोराने हाताखालची रेकॉर्ड पुढे-मागे घासून त्या खरखरीचंच वाद्य केलं. ग्रँडमास्टर फ्लॅश तर तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. वाजत असलेल्या रेकॉर्डवरून दुसरीवर जाण्याआधी ती आपल्याला कानात ऐकू यावी म्हणून त्याने स्वतः बटण जोडून मिक्सरची सोय करून घेतली. विकत मिळत नव्हती, म्हणून उघडून बसवली.

दुसरी एखादी कंपनी म्हणाली असती, "रेकॉर्डला हात लावल्यास वॉरंटी रद्द." ओबाता अमेरिकेतल्या डिस्को क्लबांत जाऊन हे लोक काय करतात ते बघून आले. त्यानंतर आलेल्या एमके२ मध्ये मोटरचा जोर वाढला, वेग कमी-जास्त करायला गोल बटणाऐवजी लांब सरकती दांडी आली, बाहेरचे हादरे पोहोचू नयेत म्हणून तळ जड रबराचा झाला. ते मॉडेल आणि त्याचे भाऊबंद २०१० पर्यंत बनत राहिले. तीस वर्षं. तीस लाखांहून जास्त नग विकले गेले. सीडी आली आणि मागे पडली, हे टिकलं. बंद केल्यावर लोकांची ओरड एवढी की २०१६ मध्ये कंपनीला नवी आवृत्ती काढावी लागली.

हा इतिहास मला का महत्त्वाचा वाटतो? वस्तू बनवणाऱ्याने ती कशासाठी बनवली हे एक. घेणाऱ्याने तिचं काय केलं हे दुसरं. ब्रॉन्क्सच्या पोरांनी 'चुकीचा वापर' केला म्हणून जगाला एक नवी कला मिळाली. ती पोरं त्या वस्तूंची खरी मालक होती म्हणूनच हे जमलं.

आता माझी दुरुस्ती.

थाळीला दोन भोकं आहेत, त्यात दोन बोटं घालून ती वर उचलायची. यंत्र उलटं केलं, तळाचे वीसेक स्क्रू काढले, झालं. कुठे डिंक नाही, सील नाही, खास हत्याराने उघडणारा स्क्रू नाही. आत ट्रान्सफॉर्मर जळालेला, त्याचा वास एवढ्या वर्षांनीही होता. एक कपॅसिटर फुगलेला. मल्टिमीटर लावला तर व्होल्टेज स्थिर ठेवणारा ट्रान्झिस्टरही गेलेला. खरी धास्ती मोटर चालवणाऱ्या आयसीची होती. ती मात्सुशिताने स्वतःसाठी बनवलेली, आता बनत नाही. ती गेली असती तर दुसरं जुनं मशीन फोडण्यावाचून उपाय नव्हता.

जळका ट्रान्सफॉर्मर पिशवीत घातला आणि पासोड्या विठोबापाशी गेलो. पुणेकरांना सांगायला नको, इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असेल तर बुधवारातला तो भाग. एका बोळात ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे एक काका आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी जपानी कागद उलटसुलट बघितला, सर्किटवर बोट ठेवलं. "हे इथे लिहिलंय ना, बाहेर किती व्होल्ट हवेत. मग झालं तर." जुन्याचे वेढे मोजले. आतल्या बाजूचे तेवढेच ठेवले, भिंतीकडच्या बाजूला बारीक तार घेऊन २.३ पट वेढे दिले. आता मशीन सरळ २३० वर चालणार, नातवाची भीती नाही. बाराशे रुपये. त्यांनीच बजावलं, "पहिल्यांदा सरळ लावू नका. सिरीजमध्ये बल्ब लावा. बल्ब भक्कन पेटला तर आत अजून शॉर्ट आहे."

नवा कपॅसिटर, नवा ट्रान्झिस्टर. सगळे मिळून दोनशे रुपयांच्या आत. सिरीजमध्ये ६० वॉटचा बल्ब लावला आणि श्वास रोखून बटण दाबलं. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. टर्नटेबलचा छोटा लाल दिवा लागला. मल्टिमीटर घेऊन कागदावरच्या बिंदूंवर एकेक करून गेलो. इथे इतके हवेत, आहेत. इथे इतके, आहेत. थाळी ठेवली, बटण दाबलं. फिरली! काठावरचे ठिपके थरथरले आणि जागच्या जागी उभे राहिले. आयसी वाचली होती.

बाकीचं किरकोळ. आसात तेलाचे थेंब, वेगाच्या दांडीत कॉन्टॅक्ट क्लीनर, भुणभुण करणारी जुनी वायर बदलली, सुई नवी घेतली. सुईलाच सगळ्यात जास्त पैसे गेले, साडेचार हजार.

हा उत्साह होता म्हणून वॉशिंग मशीनचा बोर्डही काकांच्या शेजारच्या दुकानात नेला. तिथला माणूस हुशार. पण बोर्डावर रबरासारखा जाड थर ओतलेला. तो ओलीपासून वाचवण्यासाठी असतो, मान्य. त्याने तीन दिवस तो खरवडला. दोन भाग बदलले. बोर्ड अर्धा जागा झाला, पण मशीन चालेना. "सर्किट असतं तर तासाभरात सांगितलं असतं," तो म्हणाला. "हे अंधारात चाचपडणं आहे." पैसेही घेतले नाहीत. आम्ही हरलो.

विचार करा. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या देशातलं, भाषा न कळणारं यंत्र मी हौशी माणूस दुरुस्त करू शकलो. चार वर्षांपूर्वीचं, याच देशात विकलेलं यंत्र एका कसबी माणसाला दुरुस्त करता आलं नाही. अक्कल त्याच्याकडे माझ्यापेक्षा दहापट. फरक एका कागदाचा.

'जुनं ते सोनं' हे मला म्हणायचं नाही. जुन्या वस्तू महाग होत्या, मूठभरांनाच परवडायच्या. आजची मशीन कमी वीज खातात, कमी पाणी घेतात. आणि टेक्निक्सची आयसी गेली असती तर मीही हात वर केले असते. म्हणून फक्त सर्किट देऊन भागत नाही, सुटे भाग किती वर्षं मिळणार हेही ठरायला हवं.

हे जगात ठरतंय. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग दहा वर्षं उपलब्ध ठेवणं उत्पादकांवर बंधनकारक आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांना माहितीही द्यावी लागते. फ्रान्समध्ये त्याच वर्षीपासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागतात. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला.

आपल्याकडे? ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला, कारण सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळत नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विभाग धरले. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल आलं. मे २०२५ मध्ये दुरुस्तीक्षमतेच्या निर्देशांकावर अहवालही आला. दिशा बरोबर आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणं वेगळं आणि न दिल्यास शिक्षा होणं वेगळं. ट्रॅक्टर ऐन पेरणीत बंद पडला तर शेतकऱ्याने पोर्टल बघायचं की आभाळ?

कंपन्या म्हणतात, सर्किट दिलं तर नकला होतील, आणि लोक स्वतःला इजा करून घेतील. इजेचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच तर नीट माहिती हवी. अंदाजाने केलेली दुरुस्ती जास्त धोक्याची. आणि नकलांचं म्हणाल तर एमके२ च्या नकला भरपूर झाल्या. तरी मूळचं तीस वर्षं विकलं गेलंच ना?

दुसरी काळजी मला त्या बोळातल्या काकांची वाटते. त्यांच्या दुकानात शिकाऊ पोरगा नाही. "कोण शिकणार? उघडायला काही येतच नाही," म्हणाले. दुरुस्त करता येणाऱ्या वस्तू संपल्या की दुरुस्त करणारे हात संपतात. मग कायदा आला तरी कागद वाचणार कोण? ही दोन्ही टोकं एकत्रच सांभाळावी लागतील.

तुमच्या-माझ्या हातात तूर्तास एवढंच आहे की नवी वस्तू घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारायचे. याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील? बाहेरच्या मेकॅनिकला हे उघडता येईल का? सर्व्हिस मॅन्युअल मिळेल का? उत्तर बहुतेक मिळणार नाही. पण रोज दहा गिऱ्हाइकं विचारायला लागली तर प्रश्न वरपर्यंत जातो. ग्रिडसुद्धा आपोआप सुधारली नाही.

टर्नटेबल चालू झाल्यावर काकूंना फोन करून ऐकवला. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कागद जपून ठेव हो."

परवा संध्याकाळी सात वाजता, सगळ्या सोसायटीत दिवे आणि गिझर चालू असताना, बाबांची ती नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावली आणि माळ्यावरून काढलेली आत्याची पेटी उघडली. भाता जरा फुसफुसतोय, त्याचं काम बाकी आहे. दुपारी तिचा सा लावून बघितला होता, तोच पुन्हा लावला.

जुळला.